वही दारात येते, बैठक येत नाही: तालुक्यातील मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांचे सर्व मुख्याध्यापक तथा शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य सचिव
प्रत माहितीस्तव: मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती

विषय: शाळा विकास आराखड्याची बैठक ऊसतोडीला जाणारे पालक गावात असताना घेण्याबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,
सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एका गावात राहते आणि घरी शिवणकाम करते. माझा मुलगा चौथीत आणि मुलगी सहावीत, दोघेही गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकतात, आणि गेली दोन वर्षे मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची पालक सदस्य आहे. गावाचे आणि शाळेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र कोणा एका गुरुजींविरुद्धची तक्रार नाही, आणि जे आमच्याकडे घडते तेच माझ्या माहेरच्या आणि बहिणीच्या गावच्या शाळेतही घडते, हे मी तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकलेले आहे.

आधी माझ्या हातून काय झाले ते सांगते. मागच्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी मी लग्नसराईचे ब्लाउज उरकत बसले होते. शाळेतील सर मोटारसायकलवरून आले, दारातूनच त्यांनी इतिवृत्ताची वही पुढे केली आणि म्हणाले, "ताई, तेवढी सही करा, केंद्रप्रमुख उद्या येणार आहेत." बोटांना मार्किंगचा खडू लागलेला होता, तो पदराला पुसून मी सही केली. वही परत देताना नजर वर गेली, तेव्हा समजले की त्या दिवशी सकाळी अकरा वाजता समितीची मासिक बैठक 'खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न' झाली होती, तीत पाच ठराव सर्वानुमते मंजूर झाले होते आणि त्यांपैकी तिसऱ्या ठरावाची अनुमोदक मी होते. सूचक म्हणून ज्यांचे नाव होते ते गृहस्थ त्या दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या फडात ऊस तोडत होते. त्यांच्या नावापुढची जागा कोरी होती. मी विचारले, तर सर अगदी सहज म्हणाले, "त्यांची होळीनंतर घेऊ."

अशा चार सह्या मी दोन वर्षांत केल्या. त्यांचा दोष मी सरांइतकाच स्वतःकडेही घेते, कारण नको म्हणायला मला कोणी अडवले नव्हते. परंतु सही करताना मी नेमके काय करत होते, हे मला बरेच उशिरा कळले, आणि ते कळल्यावर हे पत्र लिहिणे भाग पडले.

आपल्यापैकी बहुतेकांना कायदा माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, तरी ज्या तरतुदींवर माझी विनंती उभी आहे तेवढ्या लिहिते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा, आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे आणि निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत. राज्याने २०१० च्या जूनमध्ये काढलेल्या शासन निर्णयाने सदस्य सचिव सोडून १२ ते १६ जणांची समिती ठरवली, तिचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जाईल असे सांगितले आणि महिन्याला एक बैठक बंधनकारक केली. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळेला मिळालेले अनुदान कसे खर्च होते ते पाहणे आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करणे ही समितीची कामे आहेत. पूर्वीच्या ग्रामशिक्षण समितीत गावचे पुढारी बसत आणि पालक बहुतेक बाहेर उभे असत. हा कायदा आला तो पालकांना आत बसवण्यासाठी. कागदावर आम्ही आत बसलोही आहोत, आणि म्हणूनच आम्ही प्रत्यक्षात आत नाही ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही.

याला एकटे मुख्याध्यापक जबाबदार आहेत असे मी म्हणणार नाही. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक पहिली ते पाचवीचा पट १५० च्या किंवा सहावी ते आठवीचा १०० च्या वर गेला तरच मिळतो, त्यामुळे आमच्यासारख्या ८६ मुलांच्या शाळेत एखादे शिक्षकच प्रभारी म्हणून तो भार उचलतात, सकाळी वर्ग घेतात आणि संध्याकाळी पोषण आहाराची, पटाची, शिष्यवृत्तीची माहिती ऑनलाइन भरत बसतात. कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले असले, तरी त्या तीन कामांतच वर्षातले किती दिवस जातात हे आम्ही पाहतो. अशा माणसाला अकरा वाजताची बैठक सोयीची वाटणार आणि न झालेल्या बैठकीची वही फिरवणे त्याहून सोयीचे, हे मला समजते. पण सकाळी अकरा वाजता आमच्या गावातील एकही पालक रिकामा नसतो. खुरपणीला गेलेली बाई रोजंदारी बुडवून शाळेत यायची नाही. आली तरी तिला एक कागद वाचून दाखवला जातो, चहा मिळतो आणि सही घेतली जाते, म्हणून पुढच्या वेळी ती येत नाही.

बैठक खरोखर झाली तर काय होते, तेही मी एकदा पाहिले आहे. गेल्या वर्षी श्रावणात आमच्या प्रभारी बाईंनी एक बैठक संध्याकाळी साडेसातला, जेवणे उरकल्यावर, शाळेच्या व्हरांड्यात ठेवली. अकरा बायका आणि सात पुरुष आले. बाईंनी विषयपत्रिका बाजूला ठेवली आणि प्रत्येकीला नावाने हाक मारून एकच प्रश्न विचारला, की तुमचे लेकरू घरी आल्यावर शाळेबद्दल काय सांगते. पहिल्या तिघींनी 'सगळे चांगले आहे' असे म्हटले. चौथी, जी एरवी चार माणसांत तोंड उघडत नाही, ती म्हणाली की तिची सातवीतली मुलगी शाळेत दिवसभर पाणी पीत नाही, कारण मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही आणि एकीला बाहेर दार धरून उभे राहावे लागते. त्यावर आणखी दोघींनी माना डोलावल्या. माझी मुलगी त्याच शाळेत आहे, मी समितीची सदस्य आहे, तरी मला हे माहीत नव्हते. एका मुलाचे वडील वेल्डिंगचे काम करतात, त्यांनी दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत कडी बसवून दिली. शे-दीडशे रुपयांचे काम होते.

त्याआधीच्या वर्षभराच्या इतिवृत्तात 'स्वच्छतागृहाची स्थिती समाधानकारक आहे' हा ठराव दोनदा आहे. त्यांपैकी एकाखाली माझी सही आहे.

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि त्याची रक्कम पटावर ठरते: ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० पटाला ५०,००० आणि त्यापुढे अधिक. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. म्हणजे आमच्या शाळेचे २५,००० आणि त्यातले अडीच हजार स्वच्छतेचे. हा हिशेब मला कोणी लपवून ठेवलेला नव्हता, फक्त कधी सांगितलेला नव्हता. रक्कम, मिळाल्याची तारीख आणि झालेला खर्च अशा तीन ओळी शाळेच्या दर्शनी फळ्यावर खडूने लिहिल्या, तर संशयाची निम्मी कुजबुज थांबेल, आणि अनुदान वेळेवर आले नाही तर त्यासाठी पंचायत समितीत जाऊन भांडायला मुख्याध्यापकांबरोबर चार पालकही उभे राहतील. आज आम्हाला पैसे आले की नाही हेच माहीत नसते, म्हणून गुरुजी एकटेच खेटे घालतात आणि गावात मात्र 'शाळेला लाखो येतात' असे बोलले जाते.

गणवेशाबद्दल माझ्या धंद्यामुळे थोडे अधिक लिहिते, त्याबद्दल क्षमा असावी. गणवेश पूर्वी समितीमार्फत घेतला जात असे. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' म्हणून ते काम राज्य पातळीवर नेले गेले. तो गणवेश माझ्या घरीही आला. मुलाच्या पँटीची शिवण उलटून पाहिली तर आत जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची माया, म्हणजे पुढे सैल करण्यासाठी सोडलेले जादा कापड, होती; वाढत्या अंगाच्या मुलाला ती सहा महिनेही पुरणार नाही, हे कोणत्याही शिंप्याने पाहताक्षणी सांगितले असते. मुलीचा कुर्ता खांद्यावर दोन बोटे मोठा होता. दिवाळीपर्यंत मी शेजारपाजारच्या मुलांचे चौदा गणवेश उसवून पुन्हा शिवले. शासनाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. पण नंतर आमच्या समितीत कापड कोणते घ्यायचे, शिवायला कोणाला द्यायचे, माप कोणी घ्यायचे यावर चर्चा झालीच नाही. दुकान ठरलेले होते, ठराव लिहिलेला होता आणि वही पुन्हा माझ्या दारात आली. त्या वेळी मी सही केली नाही. नमुना पाहिल्याशिवाय करणार नाही असे सांगितले, तर सरांना राग येईल असे वाटले होते, पण त्यांनी दुसऱ्या दिवशी तीन कापडे आणून दाखवली. मग आम्ही दोघी-तिघींनी बसून त्यांतले एक निवडले आणि शिवणीत दीड सेंटीमीटर माया ठेवावी असे ठरावात लिहून घेतले.

आता मूळ विषयाकडे येते. आमच्या शाळेतील निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या वस्तीवर लागतात, दिवाळीच्या आसपास वस्ती रिकामी होते, आणि नवरा-बायकोचा कोयता मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाही. केंद्र शासनाच्या २०१० च्या नियमांत असे म्हटले आहे, की समिती ज्या आर्थिक वर्षात स्थापन होते ते वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तिने शाळा विकास आराखडा तयार करावा. तो तीन वर्षांचा असतो. त्यात वर्गनिहाय पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक, खोल्या, साहित्य आणि त्यासाठीचा पैसा हे सगळे यावे लागते, आणि शासनाने द्यायच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असावा असे कलम २२ सांगते. मार्चअखेरच्या तीन महिने आधी म्हणजे डिसेंबर. शेवटच्या दिवसापर्यंत काम ओढण्याची आपली सर्वांची सवय लक्षात घेतली, तर ज्या महिन्यात गावातील सर्वांत गरीब पालक फडाजवळच्या पालात आणि कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहत असतात, नेमक्या त्याच महिन्यात त्यांच्या मुलांच्या पुढच्या तीन वर्षांचा आराखडा लिहिला जातो. कायदा करणाऱ्यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्व ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांच्याच नावापुढच्या जागा होळीपर्यंत कोऱ्या राहतात.

याचा परिणाम काय होतो, तेही सांगते. आमच्या आराखड्यात गेल्या वेळी संरक्षक भिंतीचा रंग होता, एक कपाट होते आणि ध्वनिक्षेपक होता. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर गावात राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाच्या जेवणाची सोय, मागे आजीकडे राहिलेल्या मुलांच्या संध्याकाळच्या अभ्यासाला दिवा, मार्चमध्ये फडावरून परतलेल्या मुलांच्या बुडालेल्या पाच महिन्यांची भरपाई, यांतील एकही ओळ त्यात नव्हती. ज्याला या गोष्टी लिहायच्या होत्या तो माणूस तेव्हा गावात नव्हता, आणि जे गावात होते त्यांना भिंतीचा रंग दिसत होता. यात कोणाचा वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही. मीही त्या बैठकीला नव्हते, पण सही माझी होती.

म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे, की शाळा विकास आराखड्याची बैठक पोळा ते दसरा या दिवसांत, संध्याकाळच्या वेळी घ्यावी. नियम 'किमान' तीन महिने म्हणतो, सहा महिने आधी करायला कोणी मनाई केलेली नाही. त्या दिवसांत ऊसतोडीचे सगळे पालक गावात असतात, मुलांचे काय करायचे याचीच चिंता त्यांच्या डोक्यात असते, आणि हंगामी वसतिगृहात किती मुले राहतील याचा खरा आकडाही त्याच वेळी मिळतो.

दुसरी विनंती समितीच्या पुनर्रचनेबद्दल आहे, कारण आमच्या समितीची दोन वर्षांची मुदत आता संपत आहे. कायद्याच्या कलम २ मध्ये पालक म्हणजे ज्याच्याकडे बालकाची देखभाल आणि ताबा आहे अशी व्यक्ती असा अर्थ दिलेला आहे. आईवडील सहा महिने बाहेर असताना ज्या आजीच्या चुलीवर मूल जेवते, ती आजी या व्याख्येत बसते असे मला वाटते. पालक सभेत नावे पुकारताना 'आईवडील आले नाहीत' म्हणून तिला उठवू नये, उलट ऊसतोड कुटुंबांच्या वाट्याच्या जागांवर निदान दोन आज्या घ्याव्यात. त्यांना वाचता येत नसेल. पण खिचडीत डाळ किती आहे हे त्यांना ताटात पाहूनच कळते. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदळामागे २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी, हे एकदा मुठीने मोजून दाखवले की तपासणीसाठी त्यांच्याइतके पक्के माणूस तालुक्यातून पाठवूनही मिळणार नाही. चवीच्या नोंदवहीत रोज 'उत्तम' लिहिलेले असते. आजी काय लिहायला सांगेल, ते एकदा ऐकावे.

पुनर्रचनेच्या वेळी आणखी एक गोष्ट होते, तीही लिहिणे भाग आहे. महिला सदस्याचे नाव लागते आणि बैठकीला तिचा नवरा येतो. मुलगा दहावीला गेलेले एक गृहस्थ मागच्या खेपेस अध्यक्षपदासाठी दोन दिवस माणसे फिरवत होते, कारण सरपंच होता आले नाही तर हे पद तरी मिळावे. ज्याचे मूल शाळेत नाही त्याला या समितीत पालक म्हणून जागा नाही, एवढे सदस्य सचिवांनी सभेच्या सुरुवातीलाच वाचून दाखवले तर पुढची भांडणे टळतील. गावचा माणूस ऐकत नाही, ही आपली अडचण मला कळते. पण नियम आपण वाचून दाखवल्यावर त्याचा बोजा आपल्या एकट्यावर राहत नाही, आम्हीही बोलू शकतो.

अनुदानित खाजगी शाळांत समिती २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ सल्लागार आहे, विनाअनुदानित शाळांना तर कलम २१ लागूच नाही. तेथील पालक फीबद्दल कितीही भांडले तरी आराखडा लिहिण्याचा हा अधिकार त्यांना नाही. तो आमच्या शाळांना आहे. तालुक्यातील ज्या पालकांनी फीची ऐपत नसतानाही मुले इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवली, त्यांना परत आणायचे असेल तर त्यांना दाखवण्यासारखी ही एक गोष्ट आपल्याकडे आहे.

बैठकीची सूचना निदान आठ दिवस आधी द्यावी, आणि लेखी सूचनेबरोबर पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आपल्या आवाजात विषयही सांगावेत. आमच्यातल्या बऱ्याच जणींना चिठ्ठी वाचता येत नाही, पण आवाज ऐकता येतो, आणि फडावर असलेल्या पालकांनाही तो पोहोचतो. ऊसतोडीच्या काळातील मासिक बैठकीत निदान एका बाहेरगावच्या पालकाला फोन लावून स्पीकरवर घ्यावे. त्याने तिथून जे सांगितले ते इतिवृत्तात त्याच्या शब्दांत लिहावे, आणि तो हजर नसताना त्याचे नाव सूचक म्हणून लिहू नये. गणपूर्ती झाली नाही तर 'गणपूर्तीअभावी बैठक तहकूब' असे स्पष्ट लिहावे. केंद्रप्रमुख साहेबांनी अशा नोंदीबद्दल शाळेला जाब विचारण्याऐवजी पुढची बैठक कोणत्या वेळी ठेवली आहे ते विचारावे, अशी मा. गटशिक्षणाधिकारी यांना माझी स्वतंत्र विनंती आहे. खोटी नोंद करणाऱ्याला काही त्रास नाही आणि खरी करणाऱ्याला खुलासा द्यावा लागतो, हे जोवर चालू आहे तोवर वही दारोदार फिरतच राहील.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. यापुढे ज्या बैठकीला मी नसेन तिच्या इतिवृत्तावर सही करणार नाही, आणि आमच्या समितीतील आणखी तिघींनी हेच सांगितले आहे. सरांनी ते मनाला लावून घेऊ नये. वही घेऊन यायचेच असेल तर जरूर यावे, चहा घ्यावा, आणि पुढच्या बैठकीची वेळ ठरवून जावे. या वर्षी मुकादमाची पहिली गाडी दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी लागणार, असे वस्तीवर ठरलेले आहे. त्याआधीची कोणतीही संध्याकाळ, साडेसातनंतर, आम्हाला चालेल.

आपली विश्वासू,
शाळा व्यवस्थापन समितीची एक पालक सदस्य